कोहळे खोडून कोळवे

आदरणीय सर,

वयाने तुम्ही माझ्या मुलापेक्षाही लहान आहात, पण मोडी लिपीची बाराखडी तुमच्यापुढे बसून गिरवली असल्यामुळे मायना बदलण्याचा मला अधिकार नाही. हे पत्र शनिवारी वर्गात तुमच्या हाती देता आले असते. परंतु तुम्ही ते न वाचताच संकोचाने खिशात घातले असते, म्हणून चारचौघांत लिहीत आहे.

मुलगा बाणेरला राहतो, रोज फोन करतो, औषधे संपण्याआधी आणून देतो. तक्रारीला जागा नाही. तरीही यजमान गेल्यानंतरच्या चार वर्षांत माझ्या सहीची कोणाला गरज पडली असेल तर ती फक्त नोव्हेंबरमध्ये, बँकेत, हयातीचा दाखला देताना. आपण जिवंत आहोत एवढे वर्षातून एकदा सिद्ध करायचे आणि उरलेले अकरा महिने त्याचा कोणाला उपद्रव होणार नाही अशा बेताने काढायचे, हे माझ्या अंगवळणी पडले होते.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी आणखी एका ठिकाणी चौकशी केली होती. तेथील गृहस्थांनी अर्ज पुढे करण्याऐवजी, ‘आजी, या वयात डोळ्यांना कशाला ताण देता, एखादे भजनी मंडळ बघा,’ असा सल्ला दिला. भजनाविषयी मला आदर आहे. मात्र माझा गळा कसा आहे, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर भजनी मंडळावर तरी दया केली असती.

खरे सांगायचे तर तुमच्या वर्गातही तीन आठवड्यांत माझा धीर सुटला होता. ओळभर शिरोरेघ आधी ओढून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जायचे. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, एक शब्द संपून दुसरा कोठे सुरू झाला याची खूण नाही. पुढच्या बाकावरची मुले भराभर वाचत आणि मी भिंग पुसत बसे. तो माझा शेवटचा शनिवार ठरणार होता.

त्या दिवशी तुम्ही एका वाड्याच्या कोठीचा हिशेब वाचायला घेतलात. तांदळाच्या खर्चाच्या ओळीत ‘चिपटे’ या शब्दानंतर कागद कसरीने खाल्लेला होता, पुढचे अक्षर पुसट होते, आणि तुम्ही स्वतःच्या वहीत ‘कोहळे’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले होते. तुम्ही थांबलात आणि म्हणालात, ‘इथे माझे अडले आहे. काकू, तुम्हाला काही लागते का?’ तांदळाच्या ओळीत कोहळा कोठून येणार? आमच्या आजीच्या कोठीत पितळी मापांची उतरंड होती: दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. किलो आले आणि ती मापे माळ्यावर गेली. मी मात्र त्यांची नावे विसरले नव्हते. मी ‘कोळवे’ म्हटले.

तुम्ही सर्वांदेखत ‘कोहळे’ खोडलेत, ‘कोळवे’ लिहिलेत आणि समासात हा शब्द कोणी लावला ते नोंदवण्यासाठी पेन्सिल टेकवून विचारलेत, ‘नाव कसे लिहू?’ मी वडिलांचे किंवा यजमानांचे नाव न जोडता नुसते माझे नाव सांगितले आणि ते माझ्याच कानाला परके वाटले. घरी जाताना अलका टॉकीजच्या चौकात सिग्नल दोनदा सुटला तरी मी उभीच होते.

सर, ज्या शहरात रस्ता विचारला तर उत्तराबरोबर शुद्धलेखनही सुधारून मिळते, तेथे शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांसमोर ‘माझे अडले आहे’ म्हणावे, याला विद्वत्तेपेक्षा निराळे काहीतरी लागते. माझी काळजी घेणारे पुष्कळ आहेत, आणि मी त्यांची ऋणी आहे. पण माझ्यावाचून कोणाचे काही अडले आहे, असे मला फार वर्षांनी कळले. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हे मी पूर्वीही ऐकून होते. मात्र त्यातल्या एखाद्या अडलेल्या शब्दाला आमच्या स्वयंपाकघराचा उपयोग होईल, असे तेव्हा कधी वाटले नव्हते.

आता गुरुवारी दुपारी माझ्याकडे निवृत्त पोस्टमन असलेले एक काका आणि वर्गातली ती कॉलेजची मुलगी वाचायला येतात. अक्षर तिला दिसते, अर्थ आम्हाला आठवतो, आणि भांडण तिघांचे होते. चहा काका करतात, कारण माझा त्यांना पसंत नाही.

त्याच हिशेबाच्या दुसऱ्या पानावर, तुपाच्या ओळीनंतर, एक शब्द आम्हा तिघांनाही लागलेला नाही. काका ‘समई’ म्हणतात, मला ते पटत नाही. शनिवारी पान घेऊन येते. पेन्सिल तेवढी तुमची आणा.

आपली विद्यार्थिनी