औषधाला दोष देण्याआधी

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

कुत्र्याला औषध लावलं, गोचीड झडले आणि महिन्याभरात पुन्हा दिसले, म्हणून तू औषधालाच बोल लावतोस, आणि मुलांना रात्री सुटणारी खाजही तुला कुत्र्याचीच वाटते. बाटली इतक्यात बदलू नकोस. कुत्र्याचा गोचीड आयुष्यातला बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नसतोच. तो तीनदा अंगावर चढून रक्त पितो आणि तीनदा उतरतो: दोनदा कात टाकायला, शेवटी मादी अंडी घालायला. टम्म फुगलेली मादी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे शिरते आणि तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालते. हे किडे वर चढतात, त्यामुळे छताजवळच्या भेगाही तपास. कुत्रा, त्याचं अंथरूण आणि फटी यांचं काम एकाच दिवशी व्हायला हवं. नाहीतर तू एका टोकाने पुसतोस आणि दुसऱ्या टोकाने ते भरतात.

गाईच्या गोचिडाची तऱ्हा वेगळी. तो एकदा चढला की तिन्ही अवस्था तिच्याच अंगावर काढतो, साधारण 3 आठवडे. म्हणजे दुसरी फवारणी त्याआधी झाली, तर माद्या अंडी घालायला खाली उतरणारच नाहीत. अमिट्राझ हे फवारणीचं औषध 12.5 टक्के असेल तर लिटरभर पाण्याला 2 मिली. मापात कंजुषी केलीस, तर जगून राहतात ते नेमके औषधाला दाद न देणारे आणि पुढची पिढी त्यांचीच. पाठीवर शिंपडून भागत नाही. कानाच्या आत, मानेखालची पोळी, कास, मांड्यांमधली जागा, शेपटीचं मूळ भिजलं पाहिजे. आधी गाईला पोटभर पाणी पाज, म्हणजे ती अंग चाटणार नाही. भर उन्हात आणि पावसाच्या तोंडावर फवारू नकोस. हे औषध घोड्याला मात्र चालत नाही, त्याचं आतडं मंदावतं.

मांजराच्या बाबतीत फार जप. कुत्र्यासाठीच्या परमेथ्रिनच्या औषधाने मांजराला झटके येतात, ते दगावतंही. कोली जातीच्या कुत्र्यांपैकी अनेकांना आयव्हरमेक्टिन हे किड्यांवरचं औषध तसंच घातक ठरू शकतं.

पिसवांबद्दल एवढंच: अंगावर दिसतात त्या शंभरात पाचेक, बाकी अंडी, अळ्या आणि कोष जमिनीवर. कोषाला औषध भेदत नाही, पण हादरा आणि ऊब लागली की पिसू बाहेर येते. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर रोज फिरव आणि त्यातला कचरा लगेच बंद पिशवीत टाक.

आता मुलांची रात्रीची खाज. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेपाशी बारीक पुरळ असेल, तर खरूज धर. ती कुत्र्याची नव्हे. कुत्र्याचा खरजेचा किडा माणसाला चावतो, पण माणसाच्या अंगावर त्याची वीण होत नाही. परमेथ्रिन 5 टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावून 8 ते 14 तासांनी धुवायचं आणि 7 ते 14 दिवसांत पुन्हा एकदा. तान्ह्या बाळाचं डॉक्टरांना विचारूनच. घरातल्या खाज नसलेल्यांनीही त्याच रात्री लावायचं, कारण पहिल्या वेळी खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात, तोवर लागण पसरलेली असते. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा. धुता न येणारं आठवडाभर पिशवीत बंद ठेवा. किडे मेल्यावरही 2 ते 4 आठवडे खाज राहते. इथेच लोक घाबरून रोज मलम थापतात आणि कातडी सोलून घेतात.

माणसाला गोचीड चिकटला, तर रॉकेल, तेल, काडेपेटी काही नको. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढ, पिळू नकोस, बोटांनी चिरडू नकोस. मग जागा आणि हात साबणाने धू. तारीख लिहून ठेव. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं, तर गोचीड चावल्याचं डॉक्टरांना आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही.

तुझा,
मित्र