स्लायडिंगवाले भाऊ, तुमचा स्क्रू आमच्याकडे राहिलाय

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. मागच्या डिसेंबरात धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या घरी तुम्ही किचनच्या खिडकीला स्लायडिंग बसवायला आला होता. तेरा महिन्यांचं आमचं पोरगं मोजे घालून तुमच्या ड्रिलकडे निघालं आणि चकचकीत फरशीवर सपशेल आपटलं. मी कणकेचे हात धुवेपर्यंत तुम्ही त्याला उचललंही होतं.

आपल्याकडची थंडी तुम्हाला काय सांगायची! पारा दहाच्या खाली आला की टाइल्सवर मोठ्यांचाही पाय टेकत नाही. चालायला शिकणारं पोर अनवाणीच बरं, बोटांनी त्याला जमीन धरता येते, हे मलाही पटतं. पण सकाळी सातला कसं जमायचं? सासूबाईंचा धोशा, "पोऱ्या पडी जाई वं, मोजा काढी टाक." काढले की पाय गार, घातले की आपटी. पाय घसरू नये म्हणून तळाला ठिपके असलेले तयार मोजे दीडशे-दोनशेला जोडी, आणि पाय तर बघता बघता वाढतो.

तुम्ही यायच्या आधीच माझी अक्कल पाजळून झाली होती. ग्लू गनने, म्हणजे गरम गोंदाने, साध्या मोज्यांच्या तळाला ठिपके दिले होते. दुसऱ्याच धुण्यात ते सुटायला लागले आणि एक चक्क पोराच्या तोंडात सापडला. त्या दिवशी तुम्हाला हे सांगायची लाज वाटली.

तुम्ही खिडकीच्या कडेला भरून उरलेली सिलिकॉनची ट्यूब ठिपक्यांसाठी पुढे केलीत. वर बजावलंत की बाथरूमवाली ट्यूब मोज्यांना वापरू नका, तिच्यात बुरशी मारायचं औषध असतं. हे मला कोण सांगणार होतं? मोज्यात पायाच्या मापाचा पुठ्ठा घालायचा, नाहीतर सिलिकॉन आरपार जाऊन मोजाच चिकटतो. पुठ्ठ्यासाठी मी लग्नपत्रिका कापल्या. गणपतीची बाजू नाही हं, ती पायात कशी घालणार! 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ती बाजू.

टाचेला आणि चवड्याला मसुरीच्या डाळीएवढे ठिपके द्या म्हणालात. पहिल्या जोडीला मी हरभऱ्याएवढे दिले. पोरगं खडीवरून चालल्यासारखं चालायला लागलं. शिवाय जाड ठिपका वरून सुकलेला दिसला तरी आत कच्चाच होता. हवेतल्या ओलाव्याने सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होत जातं, हे तुम्ही सांगितलेलं मला तेव्हा कळलं. दुसऱ्या जोडीला साबणाच्या पाण्यात बोट बुडवून प्रत्येक ठिपका हलकेच दाबला. अगदी तुम्ही खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं होतं तसंच. बोटाला काही चिकटलं नाही.

"व्हिनेगरसारखा वास आहे तोवर पोराच्या पायात घालू नका," हेही तुमचंच. मी मोजे दोन दिवस गॅलरीत ठेवले आणि येता-जाता हुंगत राहिले. सासूबाईंना वाटलं, हिला काहीतरी झालंय.

साध्या मोज्यांची जोडी चाळीस रुपयांची, त्यावर तुमची फुकटची ट्यूब. तीन जोड्या झाल्या. धुताना उलटे करून गार पाण्यात धुते आणि घालण्याआधी प्रत्येक ठिपका नखाने ओढून बघते. एक सैल झाला होता, तो काढून टाकला. पोरगं आता घरभर धावतं. पडतं, पण स्वतःच्या पायात पाय अडकून. त्यावर तुमच्याकडेही उपाय नसणार.

ट्यूबच्या तोंडात तुम्ही स्क्रू खुपसून दिला होता ना? महिन्याभराने चाळीसगावच्या नणंदेच्या मुलीसाठी मोजे करायला घेतले, स्क्रू ओढला, तर त्याला धरून वाळलेली गुठळी बाहेर आली आणि मागचं सिलिकॉन मऊसूत. तो स्क्रू मी बरणीत ठेवलाय. देवपुरात कधी काम निघालं तर घेऊन जा. आणि या गडबडीत तुमचा चहा राहिला होता, तोही घ्या.