तात्या, बोट पळाली

ती. तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण गाळ्यावर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "च्या घे आदी" म्हणून विषय मिटवता. मोबाईलवर तुम्ही वाचत नाही हे ठाऊक आहे. नातू वाचून दाखवेल, तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

जे तात्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचा छोटा गाळा आहे. उभं आयुष्य टू-स्ट्रोक इंजिनांत गेलं. आरएक्स १०० बंद होऊन १९९६ पासून किती वर्षं झाली, पण जपून ठेवलेल्या गाड्या अजून त्यांच्या दारात उभ्या असतात. बाकी आता ग्रास कटर आणि फवारणीचे पंप. रिमोटवर चालणारी बोट त्यांनी माझ्याआधी पाहिलेली नव्हती.

माझी बोट चार फुटी, फायबरची. आत झेनोआचं २६ सीसीचं जपानी पेट्रोल इंजिन. तुम्ही बोटीचं झाकण काढलंत, कारबेटरकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ह्यो तर कटरचा कारबेटर." अगदी खरं होतं. फ्लोट नाही, वाटी नाही, एक पातळ पडदा आणि दोन स्क्रू, म्हणूनच बोट कितीही उसळली तरी पेट्रोल पोचतं. मी दोन वर्षं हे इंजिन परदेशी, वेगळं, आपल्याकडे कुणाला न कळणारं समजत होतो. तुम्ही एका वाक्यात ते शेताच्या बांधावर आणून ठेवलंत.

तेव्हा ते इंजिन पकडलेलं, म्हणजे आत जाम झालेलं होतं. दिवाळीनंतर आमच्या गावच्या पाझर तलावावर मी बोट सोडली होती. सरळ रेषेत वेग कमी वाटत होता, म्हणून हाय स्पीडचा स्क्रू, म्हणजे पूर्ण वेगात पेट्रोल किती जावं ते ठरवणारा, थोडा आवळला. आवाज मोकळा झाला, बोट उचलली. परत थोडा आवळला. तिसऱ्या फेरीत सगळ्यात सुंदर आवाज आला आणि त्याच आवाजात इंजिन थांबलं. काठावर आणून दोरी ओढली तर हलेना. गार झाल्यावर हलली, पण आत काहीतरी खरखरत होतं. त्या रात्री मला झोप नव्हती. पैशाचं होतंच, पण जी गोष्ट मी इतक्या मायेनं सांभाळली तीच माझ्या हातानं मोडली, हे जास्त लागलं होतं.

मला वाटलं तुम्ही लगेच हेड खोलाल. तुम्ही स्क्रूड्रायव्हरला हातच लावला नाहीत. प्लग काढला, चष्मा कपाळावर सरकवून उन्हात धरला. पांढराफटक होता, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारलीत आणि मला बघायला लावलंत. पिस्टनवर उभे चकचकीत ओरखडे, सिलिंडरला फासलेलं ॲल्युमिनियम. मी वेग वाढल्याचं, आवाज मोकळा झाल्याचं सांगत होतो. तुम्ही म्हणालात, "आवाज मोकळा झाला म्हणून खूश हुयाचं न्हाई. त्यो तहानेनं वरडत हुता."

तात्या, ते वाक्य मी विसरणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातूनच येतं. पेट्रोल तोडलं की गारवाही तुटतो आणि तेलही तुटतं. हे मला पुस्तकी माहीत होतं. ते ऐकू कसं येतं, हे माहीत नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढेच होती. मी म्हणालो, "चूक माझी, स्क्रू जास्त आवळला." तुम्ही विचारलंत, "किती उघडा ठेवला हुतास?" मी सांगितलं, पावणेदोन आटे होता, तो सव्वावर आणला. तुम्ही गप्प झालात. मग म्हणालात, सव्वा आट्यावर एवढं जळायला नको, दुसरीकडून हवा घेतंय. "खोलायच्या आदी बघू. खोललं की पुरावा गेला."

त्यानंतरचा अर्धा तास मला जसाच्या तसा डोळ्यासमोर आहे. कपाटातून तुम्ही जुनं, पाऱ्याचं बीपीचं मशीन काढलंत. एक्झॉस्टवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर लोखंडी पट्टी, कारबेटरच्या जागी तसंच. पिस्टन खाली आणला, म्हणजे वरची नि खालची पोकळी एक होते. जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट काढून त्यात नळी बसवलेली तुमच्याकडे तयारच होती. फुगा दाबत पारा २५० वर नेलात, साधारण पाच पीएसआय. मला घड्याळ धरायला सांगितलंत. पारा थांबायला हवा होता. अर्ध्या मिनिटात १८०.

मग पुलर लावून मॅग्नेट, म्हणजे ठिणगी देणारं चुंबकाचं चाक, काढलं, पुन्हा हवा भरली आणि साबणाचं पाणी ब्रशनं सोडलं. क्रँकच्या सीलपाशी, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती हवा अडवणाऱ्या रबरी कड्यापाशी, मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक, न थांबता. त्या क्षणी माझ्या छातीवरचा दगड उतरला. कारण चूक माझ्या हाताबाहेरची होती म्हणून नव्हे. ती दिसत होती, बोट ठेवून दाखवता येत होती.

सील का गेलं, हेही तुम्हीच शोधलंत. बोटीत मॅग्नेटची बाजू मागे, पाण्यातल्या पंख्याकडे असते. तिथूनच लवचीक शाफ्ट नळीतून बाहेर जातो, आणि त्या नळीतून चढलेलं पाणी शाफ्ट पकडणाऱ्या फिरत्या कॉलेटवरून नेमकं त्याच सीलवर उडतं. मी घरी आल्यावर बोट बाहेरून पुसायचो, आत ओलच. क्रँकवर गंज धरला आणि त्या गंजानं सीलचा ओठ कानशीसारखा घासला. तुम्ही रागावला नाहीत. गंजावरून माझं नख फिरवायला लावलंत, तेवढंच. आता प्रत्येक वेळी शाफ्ट काढतो, पुसतो, नवं ग्रीस भरतो, इंजिनात तेलाचे चार थेंब सोडून दोरी ओढतो आणि झाकण रात्रभर उघडं ठेवतो.

क्रँक तुम्ही बारीक पॉलिश पेपरनं साफ केलीत. सील बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगून मिळालं, फार थोड्या पैशांत. सिलिंडरला मी होन मारायचं, म्हणजे आतून दगडानं घासायचं म्हणालो तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. आतून क्रोमचा मुलामा असतो, होननं तो उडतो. कॉस्टिक सोड्याचं पाणी काडीच्या टोकावरच्या कापसानं फक्त त्या ओरखड्यांवर, हातमोजे, चष्मा, आणि जरा फेस आला की लगेच धुवायचं, कारण तेच पाणी सिलिंडरचं उघडं ॲल्युमिनियमही खातं. चार वेळा केलंत. खाली क्रोम शाबूत निघाला. मी नवा सिलिंडर मागवायच्या बेतात होतो.

पिस्टन बाहेरून यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत तुम्ही मला मोकळं बसू दिलं नाहीत. पंख्याला फिरवणाऱ्या ड्राईव्ह डॉगमध्ये आणि शाफ्टला मागे आधार देणाऱ्या स्ट्रटमध्ये मी दोन मिलिमीटर फट ठेवली होती. जोर आला की पिळाचा शाफ्ट आखडतो, डॉग स्ट्रटवर घासतो. तुम्ही घासलेलं बुश पाहून ते ओळखलंत, आता सहा मिलिमीटर आहे. पंखा बेरिलियम कॉपरचा आहे आणि त्याची धूळ फुफ्फुसाला फार घातक, हे मात्र मी सांगितलं, आणि तुम्ही लगेच ऐकलंत. घमेल्यातल्या पाण्यात बुडवून वॉटर पेपरनंच धार लावली, तोंडाला मास्क, शेवटी पाणी वाळू न देता फडक्यानं टिपून घेतलं. मग दोन ब्लेडच्या धारांवर शाफ्ट ठेवून तोल. जड पातं खाली येईल तेवढं घासायचं, पंखा कुठेही थांबायला लागेपर्यंत.

आट्यांचा हिशेबही तुम्ही नवा मांडलात. माझे आकडे परदेशी लोकांचे, साध्या पेट्रोलचे. आपल्याकडे पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याच उसाच्या पट्ट्यात त्याचे कारखाने आहेत. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. जो आटा तिकडे बरोबर, तो इकडे तहानलेला. शिवाय ते पेट्रोल पाणी ओढतं. आता मी लिटरला ४० मिली तेल घालून त्याच सकाळी मिसळतो आणि उरलेलं टाकीत ठेवत नाही.

आणि मग तो रविवार. गुडघा दुखत असताना तुम्ही तलावावर आलात. म्हशी पाण्यातून वर निघाल्याशिवाय बोट सोडायची नाही हे तुमचंच म्हणणं, पोरांना बांधाच्या वर बसवलं. पुतण्या ट्रॅक्टरच्या ट्यूबवर काथ्याचा दोर बांधून तयार. खुर्ची टाकली, तर तुम्ही ती फिरवून तलावाकडे पाठ करून बसलात. मला वाटलं ऊन लागतंय. तुम्ही म्हणालात, "बघितलं की डोळं खोटं सांगत्यात. मी ऐकतो, तू चालव."

दोन आट्यांवर सुरुवात केली. बोट गुरगुरत, अडखळत, धुरात गेली. तुम्ही हाताचं एक बोट किंचित फिरवलंत, मी अर्धपाव आटा आवळला. पुन्हा. पुन्हा. पाचव्या वेळी सरळ रेषेत गुरगुर संपून एकसंध सूर लागला, आणि मी आणखी आवळायला वाकलो तेव्हा तुम्ही न वळता म्हणालात, "आता मागं. अर्धपाव उघड." वेग जरासा उतरला. वळणावर पाण्याचा भार वाढला की सूर खाली जाऊन परत वर येतो, ते येणं तुम्ही मान हलवून मोजत होतात. पूर्ण वेगात रिमोटवरून इग्निशन बंद केलं, पुतण्यानं बोट ओढून आणली, प्लग काढला. दुधाच्या चहासारखा रंग, म्हणजे पेट्रोल बरोबर. तुम्ही तो फडक्यात धरून कितीतरी वेळ बघत बसलात.

एक्झॉस्टच्या पाइपचं काम त्याच दुपारी झालं आणि ते करताना तुमच्या चेहऱ्यावर पंचविशीतला मेकॅनिक दिसला. बाहेर गेलेल्या धुराच्या दाबाची लाट पाइपच्या मागच्या शंकूवर आदळून परत येते आणि निसटलेलं ताजं मिश्रण तोंड बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लाट लवकर हवी तर पाइप आखूड, वरच्या फेऱ्यांना सोयीचा. फार आखूड केला तर बोट पाण्यातून उठतच नाही. सिलिकॉनचा जोड सैल करून तीन तीन मिलिमीटर. तीनदा आत घेतला, चौथ्यांदा बोट सुटताना बसली, एक पायरी मागे आणला. प्रत्येक बदलानंतर तुम्ही एकच विचारायचात, "पाण्याची धार हाय का?" थंडाव्याचं पाणी बाजूच्या छिद्रातून पेन्सिलीएवढं पडतंय ना, ते बघितल्याशिवाय पुढची फेरी नाही.

बोटीत ठेवलेल्या जीपीएसवर आधी ६२ किलोमीटर होते, त्या संध्याकाळी ७८ आले. आकडा मी तुम्हाला ओरडून सांगितला. तुम्ही विचारलंत, इंजिनाला हात लावून बघ, चटका बसतोय का. बसत नव्हता.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. सीलचे घेतलेत, ग्रीसचे घेतलेत, बाकी वहीत लिहिलंच नाहीत. जुना पिस्टन मात्र मागून घेतलात. परवा ग्रास कटर घेऊन आलेल्या एका पोराला तुम्ही तो हातात देत होतात, ओरखड्यांवरून त्याचं नख फिरवत होतात. मी दारातच थांबलो, आत आलो नाही.

तलावात अजून फेब्रुवारीपर्यंत पाणी आहे. येत्या रविवारी सकाळी आठला गाडी घेऊन येतो. लो स्पीडचा स्क्रू अजून मला नीट ऐकू येत नाही, सुटताना बोट एक हुंदका देते. खुर्ची मी आणतो, पाठीकडे उशीही आणतो. काकूंना सांगून ठेवा, जेवण आमच्याकडे.

तुमचा,
बोटवाला