काकांना एवढं विचार

प्रिय सुध्या,

सात महिन्यांत साधा फोन नाही केला. तू चिडला असशील, आणि चिडायलाच हवंस. तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून दुखतो. आज लिहितोय कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

रविवारी पोरांना घेऊन इथे इंग्लंडात केंटमधल्या रॉम्नी, हाइद अँड डिमचर्च रेल्वेला गेलो होतो. अगदी खरी वाफेची गाडी रे, फक्त सगळं एक-तृतीयांश मापाचं. दोन रुळांत अंतर 15 इंच. आपलं ब्रॉडगेज साडेपाच फूट! कॅप्टन हॉवी नावाच्या हौशी माणसाने 1927 साली सुरू केली, ती अजून धावतेय, साडेतेरा मैल, म्हणजे नेरळ-माथेरानएवढीच. आम्हाला 'ग्रीन गॉडेस' मिळालं, 1925 सालचं इंजिन. ड्रायव्हर बसून चालवतो आणि कोळसाही स्वतःच टाकतो. काकांना सांग, फायरमनच नाही! म्हणतील, "मग फावड्यावर अंडी कोण तळतं?"

हाइदच्या प्लॅटफॉर्मवर पाऊल टाकलं आणि तो वास आला. कोळशाचा धूर आणि तापलेलं तेल. दौंडची शेड, सुध्या, जशीच्या तशी. मी चिकूला उचलून इंजिनाजवळ नेलं आणि नेमका तेव्हाच सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. वाफ अशी किंचाळली की पोरगं माझ्या मानेला नखं रुतवून थरथरायला लागलं. घरी चल, गाडीत बसायचंच नाही, म्हणून हंबरडा.

आणि मी ओरडलो, "मुळूमुळू रडतोस काय? पोरगी आहेस का?"

हे वाक्य कुठलं ते तुला सांगायला नको. तुमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं. आमचे अण्णा उच्चारायचे तसंच, 'मुळूमुळू'वर जोर देऊन. मला वाटत होतं ते मी कधीच मागे टाकलंय. थोरली शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, काही न बोलता चिकूचा हात धरला आणि त्याला डब्यात घेऊन गेली.

मग तासभर प्रवास. गाडी लोकांच्या परसांमागून जाते, वाळत घातलेले कपडे हाताला लागतील इतक्या जवळून. पुढे मेंढ्यांची कुरणं, आणि शेवटी डंजनेसला नुसता गोट्यांचा माळ, दीपगृह आणि अणुवीज केंद्र. तिथे रुळांचाच मोठा वेढा आहे, त्यामुळे इंजिन न फिरवता गाडी परत वळते. चिकू खिडकीला नाक लावून बसला होता. येताना हसलासुद्धा, पण थोरलीशी. माझ्याशी नाही. रात्री मी "सॉरी" म्हणालो, तर म्हणाला, "इट्स ओके, बाबा." इतक्या लगेच म्हणाला की माझी झोप उडाली.

मी पण भ्यायलो होतो रे. लहानपणी त्या दिवशी काकांनी आपल्याला इंजिनाच्या फुटप्लेटवर चढवलं, फायरबॉक्सचं दार उघडलं आणि मी चड्डी ओली केली. तू हसलास. काकांनी तुलाच दटावलं, तेलकट चिंधीला हात पुसले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि काहीतरी म्हणाले. मग शिट्टीची दोरी माझ्या हातात दिली. पहिला मान मला, म्हणून तू महिनाभर अबोला धरला होतास. अजूनही म्हणतोस की पाळी तुझी होती. बरं, होती!

सोनूची बारावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. घराचं रंगकाम उरकलं असेल. बीपीची गोळी चुकवू नकोस.

पण सुध्या, काकांजवळ नीट बस, ऐकण्याचं मशीन लावून दे, आणि विचार, त्या दिवशी उकिडवे बसून मला काय म्हणाले होते. मला ती चिंधी आठवते, नखांतला कोळसा आठवतो, शब्द आठवत नाहीत. चिकूला पुढच्या महिन्यात परत नेणार आहे. त्याच्या आत कळव.

तुझाच,
बाळ्या