सोहमच्या पायाबद्दल, सविस्तर

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं धड बोलणं होतच नाही. आई 'हॅलो'नंतर रडायला लागते, बाबा फोन घेऊन "पैसे पाठवू का" एवढंच विचारतात, आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

सोहमला कॅन्सर नाही. कधी नव्हताही. एमआरआयच्या कागदावर 'ट्यूमर' असं छापलं होतं, दादाने तो फोटो पुढे पाठवला आणि दोन दिवसांत निम्मी गल्ली आपल्या घरी विचारपूस करायला आली. ट्यूमर म्हणजे गाठ. हाडाला, सांध्याला येणाऱ्या गाठींतल्या कितीतरी साध्या असतात, आणि अशा साध्या गाठी वाढत्या वयातल्या पोरांत जास्त सापडतात.

टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं नाव ऐकून बाबा गप्प झाले, ते मला इकडे कळलं. अण्णाकाकांच्या वेळी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून तुम्ही परळला ज्या फेऱ्या मारल्यात, त्या कशा विसराल? पण तिथल्या हाडांच्या विभागात साध्या गाठींचे पेशंटही येतात. आम्हाला तिकडे पाठवलं ते आमच्याच ऑर्थोपेडिक सर्जननी. त्यांचं म्हणणं, हाडाच्या गाठीत घाईने, नको त्या जागेतून सुई घालून तुकडा काढला आणि पुढे काही वेगळंच निघालं, तर ऑपरेशन अवघड होऊन बसतं. त्यापेक्षा रोज हेच बघणाऱ्यांच्या नजरेखालून एकदा फिल्म जाऊ दे. मला हा माणूस तिथेच पटला.

आता झालं काय होतं ते. पोराचा उजवा गुडघा दुखायचा, तोही रात्री. दिवसा शाळेत, क्लासला, कबड्डीला बरा. मध्यरात्रीनंतर उठून बसायचा. गुडघ्याचा एक्सरे स्वच्छ. सगळे म्हणाले, वाढीचं दुखणं. तुम्हीही म्हणालात. पण वाढीचं दुखणं बहुतेक दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी-रात्री येतं, सकाळी पोर उड्या मारत असतं. हे मात्र एकाच पायात होतं, आणि हळूहळू तो लंगडायला लागला. मांडीचा स्नायू दुसऱ्या मांडीपेक्षा बारीक दिसायला लागला होता. एका ठिकाणी हाडाचा टीबी असेल म्हणून महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्या सुरू करायची तयारी झाली होती.

सर्जननी त्याला उताणा झोपवलं, गुडघ्याला हातही न लावता पाय खुब्यातून आत वळवला आणि सोहम कळवळला. दुखणं खुब्यात आणि जाणवत होतं गुडघ्यात! दोन्ही सांध्यांना त्याच नसांचे फाटे जातात, त्यामुळे मेंदूची अशी फसगत होते म्हणे. मग त्यांनी विचारलं, रात्री आयब्युप्रोफेन दिली तर? मी म्हटलं, अर्ध्या-पाऊण तासात झोपतो. त्यावर ते चक्क हसले. त्यांचं निदान बहुधा तिथेच झालं असावं.

याचं नाव ऑस्टिओइड ऑस्टिओमा. मांडीचं हाड खुब्यात शिरतं तिथे त्याची मान असते, त्या मानेत ही गाठ होती. सगळी मिळून सेंटिमीटरभरही नाही. दीड सेंटिमीटरच्या वर ही सहसा जातच नाही. पण तिच्यात बारीक नसा असतात आणि प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य भरपूर तयार होतं, त्यानेच दुखतं. आयब्युप्रोफेन नेमकं तेच द्रव्य तयार होऊ देत नाही. न्यूयॉर्कच्या जाफी नावाच्या डॉक्टरांनी 1935 साली हा वेगळाच आजार आहे असं दाखवून दिलं. तोवर असल्या पोरांना हाडात पू झालाय म्हणून वागवत. मुलींपेक्षा मुलांत दुप्पट-तिप्पट आढळतो. कॅन्सरमध्ये त्याचं रूपांतर होत नाही.

आई, तू विचारलंस की मग एमआरआयमध्ये एवढं पांढरं काय दिसलं. ती गाठीभोवतीची सूज. सांध्याच्या आत गाठ असली की हाड आणि सांधा दोन्ही सुजतात आणि एमआरआयवर खरी गाठ त्या सुजेत हरवते. म्हणून बारीक बारीक कापांचा सीटी काढला. त्यात ती सापडली, एक काळसर ठिपका आणि मधोमध पांढरा टिंब. सोहमने मोबाइलवर त्याचा फोटो ठेवलाय, सगळ्यांना दाखवत फिरतो.

आता बाबांसाठी, कारण वर्कशॉपच्या माणसाला हे आवडेल. पूर्वी ही गाठ काढायला हाड उघडावं लागे, आणि उघडल्यावर ती सापडेलच असं नसे. म्हणून आजूबाजूचं बरंच हाड जायचं, मग प्लेट, मग महिनोन्‌महिने कुबड्या. 1992 साली बोस्टनच्या रोझेंथल या रेडिओलॉजिस्टने सुईने गाठ जाळल्याचं प्रसिद्ध केलं. आता तेच करतात. सीटीच्या टेबलावर झोपवून, मोजमाप घेऊन, हाडाला बारीक भोक पाडतात आणि त्यातून गाठीत सुई नेतात. तिचं टोक तेवढं उघडं, बाकी सुईवर इन्सुलेशन. मांडीला पॅड चिकटवतात, वेल्डिंगला अर्थिंग लावता ना, तसं. मग रेडिओफ्रिक्वेन्सीचा करंट सोडून टोक 90 अंशांवर पाच-सहा मिनिटं धरायचं. भोवतीचं सेंटिमीटरभर जळतं, बाकी हाड शाबूत. त्याच भोकातून तपासणीला तुकडाही घेतला, त्याचा रिपोर्ट ठीक आला.

पूर्ण भूल का दिली, हे मलाही आधी कळलं नव्हतं. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, सुई गाठीत शिरते त्या क्षणी गाढ झोपलेल्या पेशंटचेही ठोके वाढतात. एवढीशी गाठ! हे ऐकल्यापासून "पोरगं अभ्यास टाळायला नाटकं करतंय" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. (दादाला हे वाक्य आवर्जून वाचून दाखवा.)

दुसऱ्या दिवशी घरी आलो. टाकादेखील एकच. सुईच्या जागी थोडं दुखलं, पण ते नेहमीचं रात्रीचं दुखणं पुन्हा आलं नाही. शंभरातल्या नव्वदांहून जास्त जण एवढ्याने बरे होतात, थोड्यांना पुन्हा उद्‍भवतं आणि पुन्हा सुई करावी लागते. हेही सांगून ठेवते, म्हणजे उद्या कधी तो पाय धरून बसला तर घाबरायचं नाही, मला फोन करायचा. नुसत्या गोळ्या घेत राहिलं तर काहींचं काही वर्षांत आपोआप शमतं, पण तितकी वर्षं खुबा सुजता ठेवणं डॉक्टरांना मान्य नव्हतं, मलाही नाही.

परळच्या त्या बाकांवर बसून मी बाकीच्यांचंही बरंच ऐकलं. एका मुलाच्या गुडघ्याच्या वर हाडालाच कोंब फुटल्यासारखी गाठ होती, ऑस्टिओकॉन्ड्रोमा. सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ हीच. उंची वाढायची थांबली की तीही वाढायची थांबते; नस दाबली जात नसेल, दुखत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवायचं. आणि एक नवी नवरी होती, तिला जायंट सेल ट्यूमर. तोही कॅन्सर नव्हे, पण गुडघ्यालगतचं हाड पोखरतो. तो खरवडून काढून पोकळीत बोन सिमेंट भरणार होते. तिची सासू तिच्यासाठी डबा घेऊन आली होती, भाकरी आणि ठेचा. मलाही अर्धी दिली.

प्राजूच्या मनगटावरच्या गाठीचं विचारलं होतंस. डॉक्टरांना दाखवून घ्या. बहुधा गँगलियन असेल, आत जेलीसारखं पाणी असतं, पुष्कळदा आपोआप जातं. जाड पुस्तकाने ठोकून बसवायचं मात्र कुणीही करायचं नाही, शेजारच्या काकूंनी कितीही सांगितलं तरी. खोलवरची, वाढत चाललेली, पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल किंवा हाड रात्री दुखत असेल, तर लेप लावत बसू नका, पहिल्यांदा एक्सरे.

हेच सोहमलाही लागू. हाडवैद्याकडे नेऊन पाय चोळून घ्यायचा नाही. आई, एरंडाच्या पानांचा शेकही नको. बाहेरच्या शेकाने हाडातलं काही हलत नाही. जेजुरीचा नवस बोलली आहेस, फेडू. पण अनवाणी पायऱ्या तू चढणार म्हणतेस, तुझे स्वतःचे गुडघे काय म्हणतात ते आधी विचार.

त्याने चालायचं आहे, रोजची कामं करायची आहेत, अंथरुणात ठेवायचं नाही. फक्त पळणं, उड्या आणि कबड्डी नाताळपर्यंत बंद, कारण मांडीच्या हाडाच्या त्या मानेला भोक पडलंय आणि ते भरून यायला वेळ लागतो. दिवाळीत तो विहिरीवर हट्ट करणारच, आणि तोही आबांकडेच, कारण तुम्ही विरघळता हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पोहू दे, पण पायऱ्यांनी उतरून. काठावरून सूर नाही, "एकदाच" म्हणाला तरी नाही. दादाच्या पोरांनाही आत्ताच सांगून ठेवा, तीच त्याला चढवतात.

आम्ही वसुबारसेला निघतो. आईच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवा, इथून घेऊन येते.

तुमची,
मेधा