पत्रक छापायच्या आधी

ब्राइटन, इंग्लंड

प्रिय दादा,
साष्टांग नमस्कार.

होमस्टेच्या आणि आंब्याच्या पेटीच्या इंग्रजी पत्रकाचा मजकूर मिळाला. छापायला टाकण्याआधी पाठवलास, फार बरं केलंस. डिक्शनरीत अशा जवळच्या शब्दांचा अर्थ एकच दिलाय, मग कुठलाही शब्द घातला तर काय बिघडतं, असं तू फोनवर म्हणालास. बिघडतं रे. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी आंब्याची पेटी, कारण तिथे पैशांचा व्यवहार आहे. तू 'राइप अल्फान्सो' लिहिलंयस. राइप म्हणजे पिकलेला, आत्ता कापून खायचा. आपण पेटीत भरतो तो चौदा आणे तयार, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवलेला, हिरवा कडक आंबा. शेतीच्या इंग्रजीत त्याला मॅच्युअर म्हणतात: झाडावर पुरता भरलेला, आढीत घातला की पिकणारा. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाने 'राइप' वाचून पेटी उघडली आणि पेंढ्यात हिरवे आंबे निघाले, तर तो फसवलं म्हणेल, आणि छापलेला शब्द त्याच्याच बाजूने असेल. पण नुसतं मॅच्युअरही नको, शहरातल्या माणसाला तो शब्द चीजच्या पाकिटावरून माहीत. 'पिक्ड मॅच्युअर, विल राइपन अ‍ॅट होम' असं लिही, आणि पेंढ्यात किती दिवस ठेवायचे तेही खाली दे. २०१८ साली आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते पेटीवर मिरवायचं तर शेजारचा शब्दही तितकाच खरा हवा. आंब्याच्या वासाला 'स्मेल' नको, तो एकटा आला की घाण वासाकडे झुकतो. 'फ्रॅग्रन्स' फुलांना, अत्तराला. खायच्या वस्तूला 'अरोमा'.

आता समुद्र. बीच, शोअर, कोस्ट हे तिन्ही तू आलटून पालटून वापरलेस. कोस्ट म्हणजे आख्खी किनारपट्टी, नकाशावर दिसते ती. कोकण कोस्ट बरोबर, पण 'घरापासून पाच मिनिटांवर कोस्ट' चमत्कारिक वाटतं. शोअर म्हणजे पाणी आणि जमीन भेटतात ती कड. ती तळ्यालाही असते. पाहुण्याला जिथे पाय बुडवायचेत तो बीच. कुणकेश्वराची पुळण, म्हणजे तिथला वाळूचा किनारा, बीचच. मात्र बीचला वाळू लागतेच असं नाही. इथे ब्राइटनला सगळे गोटे, अनवाणी चालवत नाही, तरी तो बीचच. म्हणून 'सँडी बीच' असं स्पष्ट लिही, इथला माणूस त्या एका शब्दावर खूश होईल.

खाडीला 'क्रीक' लिहिलंयस. इंग्लंडात चालेल, पण अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन माणसाच्या डोळ्यांसमोर ओढा येतो. वाघोटणच्या खाडीसारखं रुंद पाणी त्याला कळायचं तर 'टायडल एस्च्युअरी' लिही, भरती-ओहोटीही त्यात आली. 'होमली फूड'चंही तसंच. इथे होमली म्हणजे घरगुती, अमेरिकेत दिसायला बेताच्या माणसाला होमली म्हणतात. 'होम-कुक्ड' सगळीकडे चालतं.

'ब्रेकफास्ट कमेन्सेस', 'पर्चेस मँगोज', 'अवर रेसिडेन्स' हे सगळं काढ. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग राज्यकारभारात फ्रेंच आली आणि तिचे शब्द जुन्या इंग्रजी शब्दांच्या शेजारी राहिले. बिगिन, बाय, होम हे जुने, घरातले. कमेन्स, पर्चेस, रेसिडेन्स हे त्या वाटेने आलेले, अजूनही कचेरीतले. तुझ्याकडे माणूस घरी राहायला येतोय, त्याला तहसीलची नोटीस कशाला?

वहिनीच्या माशांना मात्र हात लावू नकोस. सुरमईला कोणी किंगफिश म्हणतं, कोणी सीर फिश, आणि ऑस्ट्रेलियात किंगफिश म्हणजे भलताच मासा. सुरमई सुरमईच राहू दे, फक्त इंग्रजी अक्षरांत लिही आणि पुढे तळलेली की कालवणातली ते सांग.

दुरुस्त करून परत पाठव, मी रात्रीच बघून देईन. पेटीचं लेबल आधी, आंबा थांबणार नाही.

आई-आबांना नमस्कार, वहिनीला आठवण, पोरांना गोड पापा.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच