बिघाड आमच्या टीव्हीत नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या आपल्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं आहे. सांगोला-मंगळवेढ्याकडे चारा छावण्या लागल्यात, शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, लोकसभेचा निकाल कालपरवा लागलेला, आणि शिकलीसवरलेली पोरं 'गेम ऑफ थ्रोन्स' नावाच्या इंग्रजी मालिकेचा शेवट पटला नाही म्हणून सह्यांच्या मोहिमा चालवतात. याला रिकामटेकडेपणा म्हणायचं नाही तर काय, असा त्यांचा सवाल. पत्र मी दोनदा वाचलं. छावण्यांबद्दल त्यांचं एक अक्षर खोटं नाही. पण त्या रिकामटेकड्यांत मीही आहे. वय 45, कन्ना चौकाजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान, सकाळी दहा ते रात्री नऊ. तेव्हा माझंही दोन ओळी छापावं.

आमच्या घरात ही मालिका 2016 साली पुतण्याच्या पेनड्राइव्हमधून आली. त्यात ती कुठून आली ते विचारू नका. पोरगा इंजिनिअरिंगला, मी दहावी आणि आयटीआय. माझं इंग्रजी सर्किट डायग्रामपुरतं. खाली अक्षरं यायची, निम्मी वाचून होईपर्यंत पुसली जायची, मग तो थांबवून सांगायचा. नावं लक्षात राहीनात म्हणून आम्ही आपलीच ठेवली होती: बुटका, पांढऱ्या केसांची, भिंतीवरचा. हळूहळू टिरियन, डेनेरिस, जॉन जिभेवर बसले. आर्या तेवढी पहिल्या दिवसापासून पाठ, कारण आमच्या गल्लीतच दोन आर्या आहेत.

2017 च्या ऑगस्टमध्ये सातवा सीझन संपला आणि पुढचे वीस महिने आम्ही वाट बघितली. यंदा आठवा म्हणजे शेवटचा सीझन येणार म्हटल्यावर पुतण्याला म्हटलं, आता तरी चोरून नको. हॉटस्टारचे महिन्याचे 199 रुपये रीतसर भरले. पहिला भाग 15 एप्रिलला, सहावा 20 मेला, म्हणजे सहा भागांसाठी दोन महिन्यांचे पैसे गेले. सात सीझन फुकट बघितले ते सोन्यासारखे, आणि मोजून घेतलेलं हे असं निघालं. असो.

अमेरिकेत रविवारी रात्री दाखवायचे, ते आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला यायचं. 29 एप्रिलला तिसरा भाग आला. मेलेल्यांची फौज चाल करून येते ती रात्र, 82 मिनिटांचा भाग, सात सीझन जिची धास्ती दाखवली ती लढाई. सोलापुरात एप्रिलअखेरीला साडेसहाला काय ऊन असतं ते सांगायला नको. आमच्या हॉलची खिडकी पूर्वेला. पडदा लावला तरी उजेड आतच. पडद्यावर मेलेल्यांच्या फौजेऐवजी मला माझा बनियन दिसत होता आणि त्याच्यामागं पुतण्याचं चहाचं भांडं. मधेच आग भडकली की दोन-चार तोंडं दिसायची, परत काळं.

दुकानात गेलो तर अकराच्या आत चार फोन. "बॅकलाइट गेली का हो?" "पॅनेल उडालं का?" एक फोन विडी घरकुल वसाहतीतनं. पुण्याहून सुट्टीला आलेलं पोर मावशीकडं राहिलेलं. "काका, आमचं टीव्ही गेलं बघा. आवाज येतंय, चित्र नाही."

मीटर, स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो. सेट नवा, 32 इंची, वर्षाच्या आतला. लावला तर बातम्या स्वच्छ दिसतात. मी विचारलं, "काय बघत होतास? ते युद्धाचं?" पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. "तुम्हीबी बघता?"

टीव्ही व्हिव्हिड मोडवर होता. शोरूममध्ये डझनभर ट्यूबांच्या उजेडात गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरावा म्हणून तो तसा लावून ठेवतात, आणि घरी आणल्यावर त्याला कोणी हात लावत नाही. त्यात रंग भडक होतात आणि काळ्यातलं बारीकसारीक सगळं काळंच होऊन बसतं. मी सिनेमा मोड लावला, बॅकलाइट वाढवली, आणि खिडकीला मावशींची चादर खोचली. मग घोडे दिसले, तलवारी दिसल्या, बर्फ उडताना दिसलं. तरी धुरात चित्राचे चौकोनी ठोकळे पडतच होते. ते माझ्या हातातलं नाही. इंटरनेटवरून चित्र दाबून-पिळून पाठवावं लागतं, आणि पिळताना अंधारातल्या छटा आधी जातात. मावशी बिड्या वळत बसल्या होत्या, सूप मांडीवर. म्हणाल्या, "येवढं अंधार करून बघायचं तर रातच्याला बघा की." बिघाडच नव्हता म्हणून व्हिजिटचे पैसे घेतले नाहीत, तर त्यांनी दोन कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली.

त्याच आठवड्यात पुतण्यानं वाचून दाखवलं की त्या भागाच्या कॅमेरामननं, फॅबियन वॅगनर यांनी, म्हटलंय: लोकांना आपले टीव्ही नीट लावता येत नाहीत, हाच मोठा घोटाळा आहे. संपादक महाशय, हे अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मी 23 वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. पण मी सांगणं वेगळं आणि त्यांनी सांगणं वेगळं. आमच्या साखर पेठेत चादरीचा व्यापारी माल घेताना दुकानातल्या दिव्याखाली बघत नाही. घडी उचलतो, बाहेर रस्त्यावर येतो, उन्हात धरतो. ती कुठं अंथरली जाणार हे त्याला माहीत असतं. पंचावन्न रात्री थंडीत राबून शूट केलेलं काम शेवटी कुणाच्या तरी हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, 32 इंचावर जाणार हे यांना ठाऊक नव्हतं?

पुढच्या भागात मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी कप राहिला. राजे-राण्यांच्या काळात! दिवसभर गिऱ्हाइकं मोबाइल पुढं करून दाखवत होती. वाहिनीनं कबूल केलं की चुकून राहिला, वर गंमत केली की डेनेरिसनं मागवला होता तो हर्बल चहा, आणि दोन दिवसांत चित्रातून पुसूनही टाकला. यावर मी कोणाला हसलो नाही. 2003 साली एका पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये माझी नोज प्लायर आत राहिली होती. गिऱ्हाइकानं तीन दिवसांनी सेट परत आणला, हलवला, आतनं खुळखुळ आवाज. आठ महिने तो माणूस नव्या पेठेत दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो.

कप निघाला. पांढऱ्या केसांचीचं, म्हणजे राणी डेनेरिसचं काय?

शनिवारच्या पत्रलेखकांना वाटतं की आवडती राणी वाईट निघाली म्हणून पोरं रुसली. 13 मेला पाचवा भाग आला. शहर शरण आल्याच्या घंटा वाजतात, आणि तरीही ती ड्रॅगनवर बसून बायकापोरांसकट सगळं जाळत सुटते. आता, ती अशी होऊ शकते याच्या खुणा आधी होत्याच. चौथ्या सीझनमध्ये 163 गुलाममालकांना तिनं खांबांवर खिळलं. सातव्यात शरण न येणाऱ्या बापलेकांना उभं जाळलं. म्हणजे तार आणलेली होती, जागेवर ठेवलीही होती. आमच्या धंद्यात ड्राय सोल्डर म्हणतात ते झालं. जोड वरून बघितला तर दिसतो, भिंगाखाली धरला तर भोवती केसाएवढी चीर. करंट पोचत नाही. असा सेट टेबलावर चालतो, गिऱ्हाइकाच्या घरी गेला की पाच मिनिटांत बंद. कारण नेहमी एकच असतं: सोल्डरिंगची इस्त्री पुरती तापायच्या आत लावली, आणि लावून लगेच उचलली.

घाई. पहिल्या सहा सीझनना दहा-दहा भाग, सातव्याला सात, शेवटच्याला सहा. एकूण 73. वाहिनी आणखी भाग द्यायला राजी होती, हे बनवणाऱ्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. पहिल्या सीझनमध्ये राजाला उत्तरेला यायला महिना लागला होता. शेवटी शेवटी माणसं एवढ्या झटक्यात इकडून तिकडं पोचायला लागली की पुतण्या म्हणाला, यांची एसटी कुठल्या डेपोची? मालिका जिच्यावर बेतली ती कादंबरीच अजून पुरी झालेली नाही. पाचवा खंड 2011 ला आला, पुढचे दोन खंड अजून लेखक मार्टिन यांच्याकडंच आहेत. तेव्हा आधार संपला होता हे मला मान्य. आधार संपला की माणूस सावकाश चालतो एवढंच माझं म्हणणं.

आता सह्यांच्या मोहिमेबद्दल. आठवा सीझन चांगले लेखक घेऊन पुन्हा बनवा, अशा मागणीवर दहा लाखांच्या वर सह्या पडल्यात. सान्साचं काम करणारी नटी परवा म्हणाली की हा आम्हा सगळ्यांच्या मेहनतीचा अपमान आहे. तिचं मला पटतं. अकरा महिने शूटिंग केलेल्या लोकांना 'परत करा' म्हणायला तोंड धजत नाही. पण प्रेक्षकानं मागणी करणंच गैर, असं जे शनिवारच्या पत्रात आहे, त्यावर मला जुनी गोष्ट आठवते, आणि ती त्या वडीलधाऱ्या वाचकांनाही आठवत असणार.

मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यात एकच टीव्ही, काळा-पांढरा. रविवारी साडेनऊला 'रामायण' लागायचं तेव्हा शेजारचे माग बंद. रोज खडखडाट ऐकून सवय झालेल्या कानाला ती शांतताच मोठी वाटायची. आमच्या चुलत्यांनी सेटला हार घातलेला मी बघितलाय. त्या वेळी ऐन रविवारी सेट बिघडला की मेकॅनिकला रिक्षा पाठवून आणायचे. तो यायचा, झाकण काढायचा, आणि वीस-पंचवीस माणसं श्वास धरून उभी. त्याचा तो रुबाब बघूनच मी या धंद्यात पडलो. 31 जुलै 1988 ला राज्याभिषेकावर मालिका संपली. पण तिकडं जालंधरला सफाई कामगारांनी संप केला, पुढची कथा दाखवा म्हणून. ते वाल्मीकी समाजाचे, म्हणजे वाल्मीकी ऋषी त्यांचे, आणि वाल्मीकींच्या आश्रमातली गोष्ट तर आलीच नव्हती. संप दुसऱ्या गावांतही पसरला, आणि मग लव-कुशाचे भाग दूरदर्शनवर आले. 52 भागांची ठरलेली मालिका आधीच लोकांच्या मागणीनं 78 वर गेली होती. त्या सफाई कामगारांना कोणी रिकामटेकडे म्हणू शकेल काय? त्यांनी तर झालेलं काम पुसायला सांगितलं नव्हतं, राहिलेलं दाखवा म्हटलं होतं. आमच्या पोरांनी हीच भाषा वापरली असती तर मी मोकळ्या मनानं सही केली असती.

तरी सही आहे. पुतण्यानं स्वतःची केली आणि माझ्या ईमेलवरून माझीही ठोकली. संध्याकाळी सांगितलं. मी रागावलो, पण काढ म्हणालो नाही.

शेवटच्या भागाबद्दल थोडकंच. सिंहासन ड्रॅगननं वितळवलं ते आवडलं. मग नवा राजा निवडायला सरदार जमतात, आणि सॅम नावाचा तो जाडा, भाबडा पोरगा म्हणतो की सगळ्या जनतेलाच का विचारू नये? सगळे सरदार खदाखदा हसतात. आम्ही हे 20 मेला बघितलं. 23 तारखेला दुकानात निकालाला एवढी गर्दी झाली की काउंटरवर ठेवायला आणलेले दोन सेट मी खाली उतरवले. गर्दीत कोणीतरी म्हणालं, "सॅमला बोलवा की ओ!" आणि निम्मं दुकान हसलं. ते हसणारे सगळे छावण्यांचीही बातमी वाचतात. एकाच्या तर स्वतःच्या चार म्हशी मंगळवेढ्याच्या छावणीत आहेत.

आज सोमवार. साडेसहाला जाग आली, बघायला काही नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलो.

जागा उरली तर एवढं मात्र जरूर छापा. तिसरा भाग ज्यांना परत बघायचाय त्यांनी दुकानात सेट आणू नये. रिमोटवर मेनू, त्यात पिक्चर मोड, तिथं व्हिव्हिड किंवा डायनॅमिक असेल तर सिनेमा किंवा मूव्ही करावं. पॉवर सेव्हिंग बंद. बॅकलाइट सत्तर-ऐंशीच्या पुढं, कॉन्ट्रास्टला हात लावू नये. ट्यूब मालवावी. खिडकी पूर्वेला असेल तर जाड चादर, पातळ पडद्यानं भागत नाही. आणि एवढं करूनही ठोकळे दिसले तर समजावं, टीव्ही तुमचा बरोबर आहे.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक,
कन्ना चौक, सोलापूर
27 मे 2019